आमच्या पाड्याचं रान, चाळीस तंबू आणि अकरा वर्षांचा करार : ग्रामसभेने काय ठरवावं?

पाड्यावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. इथे चार-पाच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या. विषय आमच्या अख्ख्या पाड्याचा आहे आणि तीन आठवड्यांनी ग्रामसभा आहे.

गाव पालघर जिल्ह्यातलं, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातलं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नकाशात टाकून येतात, आणि सगळा प्रश्न तिथूनच सुरू झालाय. पाडा साठ उंबऱ्यांचा, कोकणा आणि वारली. भात, नागली, वरई. दिवाळी झाली की अर्धी माणसं वीटभट्टीवर जातात. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. दावा टाकल्यापासून कागद हातात पडेपर्यंत माझ्या वडिलांनी तालुक्याला मारलेल्या खेपा मी पाहिल्यात. कागद आला त्या दिवशी त्यांनी तो आधी गावदेवापुढे ठेवला, मग घरी आणला.

त्या रानात एक धबधबा आहे. चार पावसाळ्यांपूर्वी कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. गेल्या जुलैत एका रविवारी मी शाळेच्या ओट्यावर बसून गाड्या मोजल्या, दुपारपर्यंत १४० झाल्या. धबधब्याच्या वरच्या अंगाला आमचा झरा आहे. उन्हाळ्यात सगळा पाडा तिथे पाणी भरतो. त्याच्या दगडावर बाटल्या फोडून ठेवलेल्या. शेजारच्या आजीची गाभण गाय पाण्याला गेली आणि खुराच्या बेचक्यात काच बसली. आजीच्या नातवाने गाय आंब्याला आवळून धरली आणि मी गोधडी शिवायच्या सुईने काच उकरून काढली. हिरवी, नखाएवढी. गाय महिनाभर तीन पायांवर चालली. आजी कुणाला काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र ती काठी घेऊन झऱ्यापाशी जाऊन बसली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, एकटीच.

आता शहरातली एक मंडळी प्रस्ताव घेऊन आलीय. वरच्या माळावर चाळीस तंबू, संडास, जेवणाची शेड. करार अकरा वर्षांचा. वर्षाला तीन लाख ग्रामसभेच्या खात्यात आणि आमच्या बारा पोरांना काम. कागदावर वरती मोठ्या अक्षरांत 'इको टुरिझम'. पोरांना हे हवंय आणि मी त्यांना दोष देत नाही, भट्टीवर जाण्यापेक्षा हे बरं. बायांनी एकच विचारलं, चाळीस तंबूंना पाणी कुठलं? त्याला उत्तर मिळालं नाही.

पर्यटन नको असं माझं म्हणणं नाही. गर्दी येतेच आहे, ती काही आम्ही बोलावलेली नाही. पण ज्या जमिनीसाठी बापाने चपला झिजवल्या ती अकरा वर्षं दुसऱ्याच्या हिशोबाने चालवायची का? ज्या गावांनी हे स्वतः केलंय, कुठेही, त्यांनी काय केलं, काय फसलं, ते सांगा. मी छापून नेऊन ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे.

---

सह्यकडा

मास्तर, त्या १४० गाड्यांमधली एखादी माझीही असेल. पंधरा वर्षं डोंगर फिरतोय आणि झरा कुणाचा हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, हे कबूल करतो. गावाने रस्त्यावर दोरी बांधून "आज पुरे" म्हटलं तर माझ्यासारखे बरेच जण गुमान मागे फिरतील. आम्हाला आजवर तसं कुणी म्हटलंच नाही.

एक विचारतो. तो माळ वनहक्कातला आहे, गायरान आहे की कुणाच्या मालकीचा? तिघांचे कायदे वेगळे.

---

पाड्यावरचा_मास्तर

माळ वनहक्कातला. पण रस्त्यालगत तीन एकर माझ्या चुलत्याच्या नावावर आहेत, सातबारा आहे. त्या मंडळींनी त्यांच्याशीही वेगळं बोलणं चालवलंय असं कळलं.

---

कलम_पाच

मास्तर, मी वनहक्काच्या दाव्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर. हे ग्रामसभेत वाचाच.

पहिलं, कपाटातला कागद बाहेर काढा आणि तो वनहक्क नियमांच्या कुठल्या जोडपत्रातला, म्हणजे कुठल्या नमुन्यातला, आहे ते बघा. जोडपत्र ३ म्हणजे सामूहिक हक्क, गौण वनोपज, चराई, मासे वगैरे. जोडपत्र ४ म्हणजे सामूहिक वनसंपत्ती, म्हणजे रान राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार. दोन्हीला लोक 'सामूहिक पट्टा'च म्हणतात, पण व्यवस्थापनाबद्दल भांडायचं तर चौथं हातात हवं.

दुसरं. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं की हा हक्क वारशाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि हस्तांतरितही करता येत नाही. अकरा वर्षं माळ दुसऱ्याच्या ताब्यात देणारा करार याच्याशी सरळ टक्कर घेतो. ग्रामसभेने एकमताने सही केली तरी जे द्यायचा अधिकारच नाही ते देता येत नाही. समोरच्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तिसरं. कलम ३(२) मध्ये वनजमीन कशासाठी वळवता येते त्याची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा गोष्टी. प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. तंबूनिवास, रिसॉर्ट, हॉटेल त्या यादीत नाही. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगल सांभाळायच्या मंजूर आराखड्यात, घातलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी 'वनेतर वापर' धरायच्या नाहीत असं आलं. त्याचा हवाला देऊन कुणी आलं तर विचारा, कुठल्या आयोजनेत आहे, दाखवा.

आता तुमच्या हातातलं शस्त्र. कलम ५. सामूहिक वनसंपत्तीत कुणी यावं, कसं यावं याचं नियमन करायचे आणि वन्यजीव, जंगल, जैवविविधता यांना बाधणारं काम थांबवायचे निर्णय ग्रामसभा घेऊ शकते, आणि ते पाळले जातील हे पाहणं तिचंच काम. आजी काठी घेऊन झऱ्यावर बसल्या ते कलम पाचच होतं. फरक इतकाच की त्यांच्यामागे ठराव नव्हता. तो करा. गणपूर्ती सांभाळा, निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. हजेरीवर सह्या-अंगठे तिथल्या तिथे घ्या, नंतर घरोघर फिरून नाही. राखण आणि व्यवस्थापनाची समिती नियम ४(१)(ङ) खाली ग्रामसभा नेमते, आणि आलेल्या पैशाचं काय करायचं यावर समितीची नाही, ग्रामसभेची मंजुरी लागते.

चुलत्यांच्या तीन एकरांचं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ आड येतं. नुसता भाडेपट्टा असला तरी. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्यापुढे राज्य शासनाची मान्यताही. पाचशेच्या मुद्रांकावर आपसात लिहून घेतलं म्हणजे झालं, असं नसतं. चुलत्यांना हे प्रेमाने, घरात बसून सांगा. सभेत नको.

---

मोहफूल

गडचिरोलीहून लिहितोय. मेंढा-लेखाचं नाव निघणार म्हणून आधीच सांगतो, तिथे फक्त घोषणा बघू नका. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचं काम कमी जणांना माहीत आहे. धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. २००९ मध्ये १८०० हेक्टरांवर जंगलाचा हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक पास गावाच्या हाती आले, २०१३ मध्ये गावाने शेतजमीनसुद्धा ग्रामदानात घालून ग्रामसभेच्या नावे केली. पण याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसत होता. निर्णय घ्यायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं. कायदा काय, हिशोब कसा, बाहेर काय चाललंय. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही तर सर्वसहमतीने. एक माणूस अडला तर विषय पुढच्या बैठकीला.

मास्तर, तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. ते अभ्यासगटाला द्या. पोरांना, बायांना, चुलत्यांना वेगवेगळं बसवून तो करार शब्दन् शब्द वाचून दाखवा.

दुसरं उदाहरण चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं. २०१२ मध्ये हजारेक हेक्टरांचा हक्क मिळाला. गावाने बसून शंभराच्या वर नियम केले. आणि तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, तोडणं बंद केलं! आमच्या भागात तेंदू म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. उन्हाळ्यातल्या त्या थोड्या दिवसांत वर्षाचं मीठमिरची निघतं. तरी पाचगावने सोडलं, कारण कोवळ्या पानासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि फळ धरत नाही. बांबूवर भागवू म्हणाले. मिळकत असून सोडण्याची हिंमत गावात आली ती रान आपलं आहे या खात्रीतून.

आमच्या स्वतःच्या गावाचं सांगतो, चांगलं नाही. तेंदूचा लिलाव ग्रामसभेने पहिल्यांदा स्वतः केला तेव्हा आम्ही नाचलो. ठेकेदाराने फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, दोघातिघांना आगाऊ रक्कम दिली, 'खर्चापाण्याला' म्हणून. पुढच्या साली त्या दोघातिघांनीच दर ठरवला. खात्यात पैसे होते, चोरी कुणी केली नव्हती. पण हिशोब वाचून दाखवला नव्हता, एवढ्यावर गाव दुभंगलं. सख्ख्या भावांचं जाणं-येणं दोन वर्षं बंद होतं. हिशोब फलकावर लिहून भागत नाही, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो मोठ्याने वाचावा लागतो. आणि वाचणारा दर वेळी वेगळा असावा.

---

सुरूबन

मी मंडणगड-दापोली पट्ट्यातली, किनाऱ्यावरची. घरी पाहुणे ठेवते.

वेळासचं सगळ्यांनी ऐकलं असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, दोरीमागे उभं राहून बघायचं. मला त्यातली खरी गोष्ट ही वाटते की गावात हॉटेल आधी आलं नाही. माणसं गावकऱ्यांच्या घरात उतरली, पडवीत झोपली, पोळीभाजी-आमटी-भात जे घरात शिजतं ते जेवली. कासव राहिलं तर पाहुणा, हे प्रत्येक घराला समजलं. ज्या किनाऱ्यांवर पूर्वी अंडी काढून नेत, तिथलीच मुलं आता रात्री घरटी शोधत फिरतात.

पण मास्तर, घरगुती निवासातही भांडण आहे, ते आधीच सांगते. आमच्या गावात सुरुवातीला ठरलं, पाळी लावायची. यादी देवळाच्या भिंतीवर. पहिल्या वर्षी नीट चाललं. मग ज्यांच्याकडे कमोड होता त्यांच्याकडेच लोक थेट फोन करून यायला लागले. एकदा वाटणीत माझ्याकडे आलेलं कुटुंब उंबऱ्यातून आत डोकावलं, मोरी बघितली आणि "दुसरीकडे बघतो" म्हणून गेलं. चुलीवर बारा माणसांचा भात शिजत होता. तो भात मी संध्याकाळी वाडीत वाटला. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, यादीतून नाव काढा.

नंतर बायांनीच तोड काढली. बचतगटाने कर्ज काढून पाच घरांत संडास-न्हाणी केली, थेट फोनवर आलेल्या पाहुण्यामागेही ठरलेली रक्कम गटात जमा, आणि ज्यांच्याकडे उतरायची सोय नाहीच त्यांच्याकडून मोदक, कुळथाचं पीठ, आमसुलं विकत घ्यायची. आज माझं नाव यादीत परत आहे. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीवर स्वामिनी बचतगटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात, ते एकदा तुमच्या बायांना नेऊन दाखवा. बाईने बाईला विचारलेलं वेगळं असतं.

---

घाटवळण

माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. मी नाशिक बाजूला तंबूंचा व्यवसाय करतो, भागीदार गावातलाच आहे. ग्रामसभा उत्तम, पण शनिवारी रात्री दारू पिऊन कुणी डोहात उतरला तर ग्रामसभा काय करणार? जीवरक्षक, विमा, रुग्णवाहिकेचा नंबर, आरक्षण रद्द झालं तर पैसे परत, हे सगळं कुणीतरी करावं लागतं, आणि ते रोजचं काम आहे. मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत अकोले-भंडारदऱ्याकडे किती गाड्या येतात ते मी बघतो. दिवे लावून गाड्या आत नेतात, झाडाखाली पाय देतात, काजवा जमिनीलगत असतो तो चिरडतो. एकट्या गावाला हे आवरत नाही.

म्हणून सुचवतो, बाहेरच्याला अगदीच हाकलू नका. जमीन देऊ नका, ते बरोबर. आरक्षण आणि प्रशिक्षणाचं काम द्या, दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम द्या, आणि करार एका हंगामाचा करा. नीट वागला तर पुढचा.

---

कलम_पाच

घाटवळण, पूर्ण अनुमोदन. सेवेचा करार ग्रामसभा करू शकते, ताब्याचा नाही. मास्तर, हे वाक्य जाड अक्षरात छापा.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. तुमचं वाचताना मला आमच्या गावकारीची, म्हणजे गावाने मिळून जमीन राखायच्या रीतीची, आठवण येत होती, म्हणून लिहितो.

गोव्यात गावची जमीन गावाची, ही रीत पोर्तुगीज यायच्या आधीची. त्यांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, ती लिहून घेतली आणि जाता जाता १९६१ मध्ये कोमुनिदादींचं, म्हणजे या गावसंस्थांचं, संहितापत्र करून ठेवलं. गावकारांनी मिळून खाजन जमिनी उभ्या केल्या. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध, बांधात लाकडी दारांची मानस. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. आत कोरगुट भात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळी मिळते. ती मासळी धरायचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जायचा आणि त्या पैशातून बांध दुरुस्त व्हायचे.

किती सुंदर योजना! आणि ती पैशानेच बिघडली. मासळीला भाव आला, पावणीचा आकडा वाढत गेला. मक्तेदाराला जास्त मासळी हवी म्हणजे आत जास्त पाणी हवं. दार हवं तेव्हा उघडं राहू लागलं. खारं पाणी शेतात चढलं. कुळकायद्यानंतर बांधांची देखभाल कुळांच्या संघांकडे गेली, शेती परवडेना, आणि भातापेक्षा पावणीचं उत्पन्न मोठं झालं. मग बांध फुटला तरी तळमळणारं कोण? माझ्या आजोबांनी कापलेल्या शेतात आज खारफुटी आहे. मी लहानपणी त्या बांधावरून शाळेत जायचो, आता तिथून होडीच जाते.

दुसरी गोष्ट, गावकार कोण? बापाकडून मुलाकडे. गावात राहून बांध राखणाऱ्या कितीतरी जणांना मत नाही, आणि मुंबईत तीन पिढ्या काढलेल्यांना आहे. त्यांना वर्षाचं झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळतं आणि जमिनीचा भूखंड दिसतो.

म्हणून मास्तर, तिकिटाचे पैसे सुरू झाले की एका गोष्टीवर डोळा ठेवा. आज रान तुमच्यासाठी पाणी, गवत, भाजी, मोह यांसाठी आहे. उद्या सगळ्यात मोठी रक्कम धबधब्याकडून येऊ लागली की रान धबधब्यासाठी आहे असं वाटायला लागेल. झऱ्याचं दार कुणाच्या हातात राहील ते पैसे यायच्या आधी लिहून ठेवा. नंतर लिहिता येत नाही.

---

दूरदेशी

मी पुण्याचा. कामानिमित्त मेक्सिकोत तीन वर्षं होतो, तिथलं पाहिलेलं सांगतो.

१९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोने १९१७ च्या घटनेच्या कलम २७ मधून गावांना सामाईक जमिनी दिल्या. आजही देशाची जवळपास निम्मी जमीन एखिदो, म्हणजे अशी सामाईक जमीन मिळालेली गावं, आणि आदिवासी समुदायांकडे आहे. वाहाका राज्याच्या सिएरा नोर्ते डोंगरात सापोतेक लोकांची आठ गावं आहेत, त्यांना 'पुएब्लोस मांकोमुनादोस' म्हणतात. गावं आठ, जमीन एकत्र, सुमारे २९,००० हेक्टर. जंगलतोडही मर्यादेत करतात, झऱ्याच्या पाण्याचा बाटलीबंद कारखाना काढला, आणि नव्वदच्या दशकात पर्यटन सुरू केलं. गावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा, शंभर किलोमीटरच्या वर, आणि प्रत्येक गावात चार-दोन लाकडी खोल्या.

मी कुआखिमोलोयास नावाच्या गावात राहिलो. ३,२०० मीटर उंची, जुलैतही दात वाजतात. तिथे स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय पायवाटेवर जाता येत नाही, आणि वाटाड्या कोण ते गाव ठरवतं. आमच्याबरोबर एक चाळिशीतली बाई आली. वाटेत ती अळंबी ओळखत चालली होती. एका पाइनखाली थांबली, हाताने पाचोळा सारला, सुरीने अळंबीचं बूड कापलं आणि पाचोळा परत जसाच्या तसा पसरून ठेवला. मी विचारलं, झाकता का? म्हणाली, पुढच्या वर्षी इथेच यायचंय ना.

कार्यालयात बसलेला तरुण पर्यटन समितीचा. पगार? फारसा नाही. तो त्याचा 'कार्गो' होता, म्हणजे गावसभेने नेमून दिलेली सेवा. आज पर्यटन, पुढे कधी पाणी, कधी शाळा, कधी पोलीस. प्रत्येकाला आयुष्यभरात पायरीपायरीने करावीच लागते. शिवाय 'तेकियो', आपल्या इर्जिकीसारखं. ठरलेल्या दिवशी घरटी एक माणूस वाट दुरुस्तीला. न येणाऱ्याला दंड, शहरात नोकरीला असलेला पैसे पाठवतो.

सगळं गोड नाही. यावेसिया नावाचं गाव जंगलतोडीवरून बाकीच्यांशी भांडलं आणि वेगळं वागू लागलं, वाद वर्षानुवर्षं चालला. सभेत पूर्वापार घरचा पुरुषच बसायचा, बायांना जागा मिळवावी लागली. आणि पगाराविना सेवा करायला तरुण कंटाळतात, अमेरिकेत जातात. तरी एक नक्की, तिथे बाहेरचा माणूस खोली बांधू शकत नाही. जमीनच कुणा एकाची नाही.

---

सह्यकडा

सगळं वाचलं. कासचंही जोडतो. साताऱ्याजवळचं पठार, २०१२ मध्ये जागतिक वारशात आलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या वन समित्या आणि वनविभाग मिळून ते सांभाळतात. दिवसाला माणसं मर्यादित, आधी आरक्षण, तिकिटातून गावातल्या लोकांना हंगामी काम. मध्यंतरी जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद झाली. मग फुलं कमी होतात, गवत माजतं अशी ओरड झाली आणि जाळी काढावी लागली. गुराख्याला आधी विचारलं असतं तर?

मास्तर, तुमच्याकडे गुरं कुठे चरतात ते नकाशावर आधी काढा.

---

पाड्यावरचा_मास्तर

मंडळी, ग्रामसभा झाली. उशिरा लिहितोय, लावणीची घाई होती.

आधी तीन आठवडे रात्री बसलो, मोहफूल दादांनी सांगितलं तसं. करार मोठ्याने वाचला. 'द्वितीय पक्षास निर्विवाद ताबा' या ओळीवर सगळ्यात म्हातारे कारभारी म्हणाले, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, निर्विवाद म्हणजे आम्ही बोलायचं पण नाही? तिथेच निम्मं काम झालं. कागद काढून बघितला, जोडपत्र ४ आहे. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या कणगीमागे ठेवला होता.

ठरलं ते असं. माळ कुणाला नाही. झरा, त्यावरचं गावदेवाचं रान आणि गुरांची वाट पाहुण्यांना बंद, कायमची. ओळ आम्ही चुन्याने दगडांवर मारली. गाड्या शाळेच्या अलीकडे थांबणार, एका दिवशी पंचवीस, बस. पुढे पायी, पाड्यातल्या माणसाबरोबर. दारू आणि ध्वनिक्षेपक नाही. मुक्काम फक्त घरात, आता चार घरं तयार आहेत, आजीचं एक. लावणीचे पंधरा दिवस आणि कवळी भाजी खाण्याचा सण होईपर्यंत रान बंद. आमच्यात सण झाल्याशिवाय ती भाजी कुणी खुडत नाही, मग पाहुण्याला कशी तुडवू द्यायची, असं बायांनी मांडलं आणि त्यावर कुणी बोललंच नाही. पाळी यादीने. हिशोब दर महिन्याला, वाचणारा वेगळा. पहिला वाचायला भट्टीवरून परत आलेली एक मुलगी आहे, आठवी शिकलेली.

एक गोष्ट सुटली नाही. चुलते. घरात बसून सांगितलं, कायदाही सांगितला. ते ऐकून घेतात. पण मुलीचं लग्न अंगावर आहे आणि त्या मंडळींनी आगाऊ रक्कम देऊ केलीय. ग्रामसभेने त्यांच्या तीन एकरांवर गाड्या लावायचं भाडं त्यांना द्यावं असा विषय निघालाय. काही जण म्हणतात, मग आम्हालाही द्या. पुढच्या बैठकीला ठेवलंय, सहमती होईपर्यंत.

पहिला रविवार झाला. रस्त्यावर दोरी बांधून आम्ही सहा जण उभे होतो. एकोणतीस गाड्या परत पाठवल्या. दोघांनी शिव्या दिल्या, एकाने व्हिडिओ काढला. एका गाडीतली बाई उतरून म्हणाली, पुढच्या आठवड्याचं नाव आत्ताच लिहून घ्या. वहीत लिहिलं. आजी झऱ्यावर गेली होती सवयीने, दुपारी परत आली. म्हणाली, आज कुणीच आलं नाही वर.

आता एक अडचण. पावतीपुस्तक छापायचंय. वर कुणाचं नाव टाकायचं? छापखानावाला म्हणतो, ग्रामपंचायतीचा शिक्का आणा.

---

कलम_पाच

ग्रामपंचायत नाही. 'ग्रामसभा, पाडा अमुक, ता., जि.' आणि खाली 'सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समिती'. ठराव क्रमांक आणि तारीख टाका. अनुक्रमांक छापील हवेत, हाताने घातलेले नकोत. दोन प्रती, एक पाहुण्याला, एक पुस्तकात. बँक खातं ग्रामसभेच्या नावे आहे ना? सह्या करणाऱ्यांत एक बाई ठेवा.

मसुदा उद्या टाकते इथेच.